साकव तुटला ती सांज

माजं माहेर डोंगराकडचं, लगीन होऊन आले ती हितं खाडीकाठी. भाताची गिरन पल्याड, आमची वस्ती अल्याड, मधी खाडी नि तिच्यावर साकव. सुपारीची खोडं नि बांबू बांधून पावसाळा सरला का गाव नवा साकव घालायचा, आनि पुढल्या पावसात खाडी तो घेऊन जायची. काय सांगू तुमाला, चालताना असा हलायचा, आमी बाया एकमेकींचा हात धरून हसत हसत जायचो.

मी गिरनीत भात पाखडायला. माजा दत्तू अंगावर पिता, त्याला सासूपाशी ठेवायची. एकदा सांजच्याला भरतीला असं उधान आलं का एक पडाव, मालाची मोठी होडी, सुटून साकवावर आदळला, माज्या डोळ्यांदेखत साकव तुटला. मी पल्याड, पोर अल्याड. सासू काठावर त्याला घेऊन उभी, तो भुकेनं रडून काळानिळा, साखरपानी बी थुकतोय. त्या उधानात होडी घालाय कुनी धजंना. मी पान्यात उतरत व्हती, बायांनी धरली, म्हनल्या, येडी झालीस काय, तू मेलीस तर पोराला कोन?

तवा अल्याडच्या मोहल्ल्यातली हलिमा काठावर आली, कडेवर तिचा कासीम, दत्तूएवढाच. म्हनाली, आजी, द्या माज्याकडं, मी पाजते. सासू माजी सोवळ्याची, परक्याच्या हातचं पानी न्हाय प्यायची, ती माज्याकडं बघाय लागली. मी बोंबलले, द्या, आत्याबाई, द्या! हलिमा तितंच दगडावर बसली, पोराला पदराखाली घेतलं, नि रडनं थांबलं. तशी मी पल्याड पान्यातनं पाय मागं घेतला.

सकाळी होडीनं आले तर सासू म्हनाली, पोराला मंग घे, पयली तिच्या पाया पड.

मंग मोठ्या लढाईच्या आधी दगडी पूल झाला. चुना वाळू आमीच वाह्यली, हलिमा नि मी एका रांगेत, ती तिची गानी म्हनायची, मी माजी. लई ग्वाड दिस व्हते ते, व्हय.

आता शिमिटाचा पूल झालाय, गिरन बंद पडली, दगडी पुलावर गवत वाढलंय. हलिमा गेली गेल्या साली. दत्तू श्रीवर्धनवरनं धावत आला, मयतीला खांदा द्यायला पुढं झाला, तर कुनी पावन्यानं इचारलं, हा कोन? कासीम डोळं पुसत बोलला, येऊ द्या त्याला, माजा दूधभाव हाय. दोगांची घरं भरलेली ऱ्हावोत, मला आनि काय पायजे.