दुसरी सही

(आयर्लंड. रॉसकॉमनमधल्या एका गावात चर्चच्या मागची खोली. टेबलावर १९३८ सालची लग्नांची वही उघडी आहे. फिन्टन हॅनली, वय अठ्ठ्याहत्तर. आणि शेजारची ऊना, शाळेत शिकवते, फावल्या वेळात लोकांना जुन्या नोंदी वाचून देते.)

फिन्टन : पुन्हा म्हण. हळू म्हण.

ऊना : मार्टिन लॉफ्टस तुमचा मामा नव्हता, काका.

फिन्टन : त्याची सही आहे. माझ्या आईच्या लग्नाची साक्ष. मार्चमध्ये तूच म्हणालीस ना, साक्षीला बहुतेक भाऊबहीण असतात, तिथून माहेरचा माग लागतो?

ऊना : म्हणाले होते. पण तेव्हा मी ते एकच पान पाहिलं होतं. चूक माझी. काल आख्खी वही उलटली. हे बघा, फेब्रुवारी, मार्टिन लॉफ्टस. एप्रिलमध्ये दोनदा. जून, ऑगस्ट. एका वर्षात अकरा लग्नं. अकरा जणींचा भाऊ कसा असेल तो?

फिन्टन : मग कोण होता?

ऊना : चर्चची घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा. नवऱ्यामुलाच्या बाजूनं साक्षीला कुणी आलं नाही, की फादर त्यालाच हाक मारायचे.

फिन्टन : नवऱ्यामुलाच्या बाजूनं? माझ्या बापाला चार भाऊ होते. चौघेही धडधाकट.

ऊना : चौघांतला एकही आला नाही असं दिसतंय.

फिन्टन : कसे येतील! अनाथालयातली पोर घरात आणतोय म्हणे. पुढे बाप गेला तेव्हा उचलून घराण्याच्या कबरीत पुरला त्यांनी, आणि आईच्या वेळी म्हणाले, जागा नाही. हाडं ठेवायला जागा नाही! आणि ह्याच माणसांची नावं चर्चच्या बाकांवर पितळेत कोरलीत.

ऊना : काका, हळू. बाहेर फादर आहेत.

फिन्टन : ऐकू दे त्याला. आणि मी लॉफ्टसांच्या घरी जाऊन आलो, त्याचं काय?

ऊना : त्यांनी काहीच म्हटलं नाही?

फिन्टन : चहा दिला. हॅमची सँडविचं दिली. म्हातारी माझा चेहरा धरून म्हणाली, कपाळ अगदी आमच्याकडचं. मी रडलो गं तिच्या स्वयंपाकघरात. आता कबरींच्या रविवारी पाच जण येणार आहेत, आईपाशी उभे राहायला.

ऊना : पाच?

फिन्टन : सहा. सूनही येते म्हणाली.

ऊना : दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे कुणाला जमलंय का? तुम्ही आमचे नव्हे म्हणण्यापेक्षा तुम्हाला भाचा करून घेणं सोपं गेलं त्यांना.

फिन्टन : हसू नकोस.

ऊना : नाही हसत.

फिन्टन : चाळीस वर्षं, ऊना. दर वर्षी त्या रविवारी प्रत्येक कबरीशी घोळका असतो. पोरं, सुना, अमेरिकेतून आलेले चुलते. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत येतो, आणि आईपाशी आपला मी एकटा. एक माणूस हवा होता मला, तिच्याकडचा. एक. घंटेवाला नको होता.

ऊना : सह्या दोन आहेत, काका. खालची तुम्ही पाहिलीच नाहीत.

फिन्टन : विनिफ्रेड कनिफ. ही कोण? चर्च झाडणारी?

ऊना : हिचं नाव या वहीत एकदाच आहे. मागे नाही, पुढे नाही. जी एकदाच येते, ती मुद्दाम आलेली असते. मग मी तिचं स्वतःचं लग्न शोधलं. पंधरा मैलांवरच्या चर्चमध्ये सापडलं. १९४१, फेब्रुवारी. बापाच्या नावाची जागा कोरी, आणि पत्ता तुमची आई वाढली त्याच, नन्सच्या अनाथालयाचा.

फिन्टन : म्हणजे बहीण नाही.

ऊना : रक्ताची नाही. पण तिच्या लग्नाला साक्षीदार कोण, वाचा.

फिन्टन : डेलिया हॅनली... आई?

ऊना : तुमचा जन्म कधीचा?

फिन्टन : एकेचाळीसचा. एप्रिल.

ऊना : म्हणजे सातवा महिना. पंधरा मैल, कडाक्याच्या थंडीत.

फिन्टन : म्हणजे मीही होतो त्या लग्नाला.

ऊना : होतात. विनिफ्रेड चौऱ्याण्णवमध्ये गेली. पण मुलगी आहे, कार्मेल. तिथल्या चर्चमधल्या बाईंनी तिला विचारलं, ती म्हणाली, खुशाल फोन करा. हा नंबर.

फिन्टन : काय सांगू? मागच्या वेळी मी तुमचा म्हणून गेलो, आणि सँडविचं खाऊन आलो.

ऊना : कागदावर आहे तेवढंच सांगा. घ्या, लावलाय.

कार्मेल : हॅलो? कोण?

फिन्टन : मी फिन्टन हॅनली. तुमचा नातेवाईक नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या आईच्या लग्नात जिनं साक्षीची सही केली, तिचा मुलगा. डेलिया तिचं नाव.

कार्मेल : डेलिया ग्रेली?

फिन्टन : लग्नाआधी ग्रेली. तुम्हाला कसं ठाऊक?

कार्मेल : थांबा. बसते जरा. नोव्हेंबरात आपण मेलेल्यांची नावं लिहून चर्चला देतो ना, आईच्या यादीत पहिलं नाव ते असायचं. स्वतःच्या आईबापांची तिला ठाऊकच नव्हती. ही डेलिया कोण, विचारलं की म्हणायची, तू लिही.

फिन्टन : आई गेल्याचं तिला कळलं कसं?

कार्मेल : रेडिओवर मयतांची नावं सांगतात, त्यात ऐकलं. ब्रेड भाजत होती, तो तसाच करपू दिला तिनं.

फिन्टन : मग अंत्यविधीला का नाही आली? कुणीच नव्हतं हो तिथं.

कार्मेल : आली असती, तर ओळख कुठली ते घरी सांगावं लागलं असतं. ती अनाथालयात वाढली, हे आम्हा मुलांना ती गेल्यावर कागदांतून कळलं.

फिन्टन : त्या नन्सनी दोघींना दुसरं काही शिकवलं नाही. लाज तेवढी शिकवली.

कार्मेल : पक्की शिकवली.

फिन्टन : आता ती यादी कोण लिहितं?

कार्मेल : मीच. पंचवीस वर्षं झाली.

फिन्टन : कोण ते ठाऊक नसताना?

कार्मेल : मला वाटायचं, हिला कुणीच नसेल. म्हणून एकही वर्ष चुकवलं नाही.