मन्नतीची शेळी

आमी नेवाशाकडचे पिंजारी. बाप कापूस पिंजायचा, दादला बी पिंजारीच मिळाला. लढाई चालू हुती, कामं बसली, म्हनून तो नगरला जाऊन पलटनीत भरती झाला. तवा अमिना माझ्या पोटात.

काय सांगू तुमाला, तो गेला आन् त्याची खबरच थांबली. घरात एकच शेळी हुती. तिच्या कपाळावर हात ठिवून मी सासूसमोर बोलले, अल्ला, तो जिता हाय एवढं कळू दे, येत्या बकरीदला ही तुझी.

मग अमिना झाली. मला ताप भरला, अंगावरचं दूध आटलं, पोर शेळीच्या दुधावर जगली. आन् तशात पलटनीतला एक गडी सुटीवर आला. म्हनला, भाभी, तो जिता हाय, मी सोता बघितला. मी हसले आन् तितंच खाली बसले. मन्नत लागू झाली ना.

मुल्लाजी म्हनले, आता त्या शेळीचं दूध बी घरात चालायचं न्हाई, गरिबाला द्या. शेजारची सखूबाई, कुणब्याची, तिची गाय भाकड. ती तांब्या घिऊन दारात आली, म्हनली, आमी काय सावकार हाय व्हय, दे मला. आन् मागल्या दारानं तेच दूध अमिनाला घिऊन आली. म्हनली, आता हे माझं, मी कुनाला बी पाजीन, तुझा मुल्ला काय माझ्या तांब्यात बघतोय? असं ईदपतुर चाललं.

आदल्या दिशी सासूला म्हनले, अम्मा, पुढल्या सालाला देऊ. दादला तिचा एकुलता ल्योक. ती वरडली न्हाई. म्हनली, तुला पोरी आनिक व्हतील, मला ल्योक कुठनं?

शेळी गेली. मन्नतीचं मटन घरात खात न्हाईत, सगळं वाटलं. सखूबाई दुधासाठी गावभर हिंडली. आमी पेज पाजली, साखरपानी पाजलं. थंडी सरायच्या आत अमिना गेली.

लढाई सरल्यावर दादला आला, हातीपायी धड. पत्र्याचा खुळखुळा घिऊन दारात उभा. घरात पोर दिसंना. त्यानं खुळखुळा कोनाड्यात ठिवला, तो अजून तितंच हाय.

आता पदरात दोन ल्योक हायती. यंदा बकरं आनलं. मुल्लाजींनी सुरी धरून पुसलं, कुर्बानी कुनाच्या नावानं? दादला तोंड उघडायच्या आत सासू आतनं बोलली, अमिनाच्या.

अल्ला सगळ्यांचं भलं करो. पन कुनाचं मागनं इतक्या लवकर कबूल न करो.