हा नट कुठला?

टक्… टक्… टक्-टक्.

नाही, हसू नका. हा आवाज तुम्ही ऐकलेला नाही म्हणून हसू येतंय तुम्हाला. मी ऐकलाय, एकतीस वर्षांपूर्वी, उतारावर, मागच्या सीटवर आमची ही बसलेली, सातवा महिना चालू, आणि मी काय म्हणालो असेन? 'काही नाही गं, खडा लागत असेल!' खडा! पुढच्या वळणावर चेन तुटली, तुटली ती मागच्या चाकात जाऊन बसली, चाक जागच्या जागी जाम, आणि ती लांबच्या प्रवासासाठी बांधलेली, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली अवजड मोटारसायकल घसरत घसरत थेट कठड्यापाशी! कठडा आणि पुढचं चाक यात किती अंतर राहिलं सांगू? एक वीत. माझीच वीत, मोजली मी. ही खाली उतरली, पोटावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि चालायला लागली. शब्द नाही! एकतीस वर्षं झाली, अजून त्यावर बोललेली नाही. बोलली असती तर भीती गेली तरी असती हो…

आणि आता त्या पोटातली ती पोर, म्हणजे आमची लेक, तीस वर्षांची घोडी, मागच्या आठवड्यात मला म्हणते काय, 'बाबा, नव्या नोकरीच्या गावाला मी आपल्या गाडीवरून जाते.' आपल्या गाडीवरून! त्याच! एकटी! अकराशे किलोमीटर! मी म्हटलं, अगं रेल्वे आहे, बस आहे… तर म्हणते, 'मग मला शिकवलंत कशाला?' आता काय बोलायचं? शिकवलं खरं. लोक पोरांकडून पाढे म्हणवून घेतात, मी हिच्याकडून हे म्हणवून घेतलं: गाडी बंद पडली, काय बघायचं? ठिणगी, पेट्रोल, हवा. चौथं काही नसतं!

मी तसा कमी बोलणारा माणूस. चार इयत्ता शिकलेला. वाद घालणं मला जमत नाही, पाना तेवढा चालवता येतो. म्हणून मी पाना चालवला… आता असं बघू नका माझ्याकडे! तुमची लेक अकराशे किलोमीटर निघाली असती म्हणजे कळलं असतं.

गुरुवारी प्लगची टोपी सैल केली. इतकीशी. लेक बाहेर आली, किक मारली, गाडी ढिम्म. मला वाटलं, कंटाळेल, रेल्वेचं बघेल. ती कसली कंटाळते! 'ठिणगी…' म्हणत खाली वाकली, टोपी दाबली, ढर्र! दोन मिनिटं लागली नाहीत. शुक्रवारी टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक भोक असतं ना, त्यात साबण भरला. म्हणजे गाडी चालू होते, दोन गल्ल्या जाते आणि श्वास कोंडून बंद पडते. नामी युक्ती होती. ढकलत परत आणली तिनं, 'पेट्रोल…' म्हणत झाकण उघडलं, फुस्स! टाचणीनं साबण टोकरला, वास घेतला, म्हणाली, 'बाबा, टाकीनं आंघोळ केलेली दिसते.' मी आपला आभाळाकडे बघत उभा. शनिवारी हवेच्या डब्यात बोळा कोंबला. तोही निघाला. चिमटीत धरून माझ्यासमोर नाचवला आणि म्हणते, 'उंदरानं घर केलं होतं बाबा. बनियन घालणारा उंदीर!'

आणि ही? ही खिडकीशी शिलाई मशीनवर बसून लेकीच्या सामानाला पावसाळी कव्हर शिवतेय. वर बघत नाही, खाली बघत नाही, बोलत तर नाहीच!

राहिला रविवार. म्हणजे आज. उद्या सकाळी सहाला निघणार ती. सकाळी ही एवढंच म्हणाली, 'अहो, मशीनचं पायडल खडखडतंय, बघा जरा.' बसलो खाली, बघितलं थोडंफार, पण चित्त कुठे होतं माझं? ठिणगी झाली, पेट्रोल झालं, हवा झाली, चौथं काही नसतं… पण मला तर चौथंच हवं होतं ना! तसाच पाना घेऊन उठलो, गाडीपाशी गेलो, उकिडवा बसलो, आणि तेवढ्यात फाटकातून गल्लीतला मेकॅनिक, 'काकाऽऽ! गुडघा बघा ना, असा वाकवला की कट् वाजतो. आतलं ऑइल संपलं असेल का हो?' मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे? तर म्हणतो, 'डॉक्टर आवाज ऐकत नाहीत काका, तुम्ही ऐकता.' अर्धा तास त्याचा गुडघा ऐकला. अर्धा तास! तो लंगडत गेला, मी वळलो, मूठ उघडली, तर मुठीत नट.

नट हो! हा नट कुठला? मी कशाचा काढला? कधी काढला? काही म्हणजे काही आठवेना! गाडीचे नट सगळे भाऊभाऊ, तोंडावरून ओळखू येत नाहीत. ब्रेकचा असेल? चाकाचा असेल? आरशाचा असेल तर ठीक, पण हँडलचा असेल तर? मी गाडीभोवती सात फेऱ्या मारल्या, प्रत्येक बोल्ट मला उघडाच दिसायला लागला. अहो, आजवर मी गाडी बंद पाडत होतो, आता मी पोरीला पाडणार होतो! बंद पडलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पण नट नसलेली…

शेवटी गेलो आत. ती कपडे भरत होती. म्हटलं, 'बाळा, मी एक नट काढलाय.'

'कशाचा?'

'तेच तर!'

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. 'आणि टोपी? साबण? बनियन?' मी मान खाली घातली. 'वा बाबा! ठिणगी, पेट्रोल, हवा, आणि चौथे तुम्ही! गाडी बंद पडायला एवढं बास झालं.' चिडली होती. पण मग माझा हात बघितला तिनं. नट इतका आवळून धरला होता की तळव्यावर त्याचे सहाही कोपरे उमटले होते. बाह्या सरसावल्या पोरीनं.

तीन तास, तुम्हाला सांगतो, तीन तास! पुढच्या चाकापासून सुरुवात. ती पाना लावायची आणि ओरडायची, 'ब्रेक, घट्ट! हँडल, घट्ट! पेटी, घट्ट!' सगळंच घट्ट! नट कुठला, काही पत्ता नाही. मागचं चाक वर उचललं, तिनं हातानं सावकाश फिरवलं, आणि…

टक्.

पुन्हा फिरवलं. टक्. दर फेऱ्याला चेनच्या कव्हरवर काहीतरी टिचकी मारत होतं. तिनं बॅटरी धरली. चेनच्या जोडावर एक क्लिप असते, माशाच्या आकाराची. माशाचं डोकं चालीच्या दिशेला हवं, शेपूट मागे. हा मासा उलटा बसलेला, शेपूट पुढे, आणि निम्मा बाहेर आलेला. उद्याच्या पहिल्या उतारालाच सुटला असता.

'ही कुणी बसवली?'

'मीच. मागच्या महिन्यात. चष्मा नव्हता.'

तिनं पेटीतून नवी क्लिप काढली, सुलटी बसवली, चाक फिरवलं. आवाज नाही. आणि माझा बांधच फुटला हो, म्हटलं, 'बाळा, तेव्हाही मीच बसवली होती. तू पोटात होतीस तेव्हा. तेव्हाही उलटीच. तुटलेल्या चेनमध्ये बघितलं मी, कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईला तर नाहीच नाही. एकतीस वर्षं खड्यावर ढकललं!'

लेक माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे बघत होती.

वळलो. दारात ही. केव्हाची उभी होती, देव जाणे. एका हातात शिलाई मशीनच्या पायडलची सुटी दांडी, लोंबणारी. जवळ आली. माझी मूठ उघडली, एकेक बोट. नट उचलला, दांडीवर फिरवला. बरोब्बर बसला! म्हणजे गाडीचा मी काहीच काढला नव्हता… मशीन मात्र सकाळपासून बंद होतं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता बोलेल. आजचं बोलेल, एकतीस वर्षांचं बोलेल, सगळं एकदम बोलेल, बोलू दे बाबा एकदाची! मी तर डोळेच मिटून घेतले, खांदे वर घेतले, तयार राहिलो… आणि थोड्या वेळानं एक डोळा उघडून बघतो, तर ही दांडी घेऊन आपली मशीनकडे चाललेली. शब्द नाही.