पडद्यातली पेरीन

सणाच्या दिवशी पॅरिसला राजाच्या कारखान्यातले विणलेले चित्रपडदे अंगणात टांगले होते. रांगेत तोआनेतच्या पुढे एक म्हातारा विणकर आणि त्याची बायको उभी होती.

“पाताळाचा राजा पोरीला रथातून पळवतोय, तोच पडदा ना हो?” म्हातारीनं विचारलं.

“तोच. चित्रकारानं आपल्या पेरीनला समोर बसवून काढलेली ती पोर. चेहरा मीच विणला.”

“कॅनडाच्या जहाजात बसली, त्याच्या आधी.”

“हो.”

“कुठं बघतेय हो ती, पडद्यात?”

“मागं. आईकडं.”

“खरंच? निघताना तर एकदाही वळली नाही.”

पडद्यातल्या लेकीसमोर म्हातारी खिळूनच राहिली.

“आजी, सरका पुढं!” पहारेकरी ओरडला.

“बघू दे रे त्यांना,” तोआनेत म्हणाली. “सावकाश बघा, मावशी. मला काही घाई नाही.”