मांजराचं प्रथिन आणि जावयाची पापलेटं

बोईसरला शुक्रवारी कारखाने बंद असतात, हे कुरिअरवाल्यांना कोण सांगणार? आमच्या लॅबचं पार्सल नेमकं शुक्रवारी आलं, म्हणून मी ते घरी नेऊन फ्रीझरमध्ये ठेवलं. आत बोटाएवढी कुपी.

आईने विचारलं, "ह्ये कसलं हाय?"

"मांजराला सूज आली की त्याच्या रक्तात एक प्रथिन वाढतं, ते आहे. किती वाढलं हे मोजायची चाचणी आम्ही बनवतोय. तिला माप म्हणून हे लागतं."

"मांजराचं? माज्या पापलेटांशेजारी?"

"आई, ते जिवाणूंकडून बनवून घेतात. त्यात मांजराचा केससुद्धा नसतो."

मी आंघोळीला गेलो, तेवढ्यात आईने जावयासाठी आणलेली पापलेटं फ्रीझरमधून काढून खिडकीजवळ ओट्यावर ठेवली. शेजारच्यांचं मांजर आलं. एक पापलेट घेऊन गेलं, उरलेली चाटून गेलं.

जावयाने वरणभात खाल्ला. कुपी शनिवारी लॅबमध्ये सुखरूप पोचली.

आई अजून मला ऐकवते, "केस नाय म्हनत होतास ना? मग ते मांजर कसल्या वासावर आलं?"