टोक न केलेल्या पेन्सिली

...आता तुम्हीच सांगा, पेन्सिल कशासाठी असते? लिहायला ना? मग आमच्या घरात ती शोकेसमध्ये, पाहुण्यांच्या कपबशांच्या वरच्या कप्प्यात, लाल मखमलीवर का झोपलीय? तुम्हाला सांगते, मी मिसबाह, पारोळ्याची. वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही, पण आता राहवत नाही म्हणून बोलते. अहो, पेन्सिल आहे ती, लिहायला केलीय!

माझे अब्बा, जब्बारभाई, रद्दीचं दुकान चालवतात. त्या रद्दीतूनच मी पेन्सिली केल्या. जुन्या पेपरची पट्टी घ्यायची, मैद्याची खळ लावायची, मध्ये शिसं ठेवून घट्ट सुरळी वळायची, की झालं. पहिल्या खेपेला मी त्या गच्चीवर वाळत घातल्या, तर आपल्याकडचं ऊन ते, सगळ्या केळ्यासारख्या वाकल्या! दादी म्हणाली, पापड आहेत का गं ते, उन्हात घालायला? मग तिच्या खाटेखाली, सावलीत ठेवल्या, तर अशा सरळ निघाल्या, अशा सरळ... एकाही झाडाला हात न लावता पेन्सिल! मलाच खरं वाटेना.

अब्बांनी एक उचलली आणि नुसती फिरवत बसले. बाजारात लोक त्यांना नावाने नाही, 'ए रद्दी' अशी हाक मारतात, हे मला माहीत आहे. त्या दिवशी ते पेन्सिल खिशाला लावून, ईदचा कुर्ता घालून बाजारात गेले. कोणी विचारलं की म्हणायचे, आमच्या रद्दीची आहे, पोरीने केली. मी म्हटलं, अब्बा, टोक तरी करून द्या, लिहिते का बघू. तर पेन्सिल छातीशी धरून म्हणतात, "इसको छीलना? पागल है क्या?"

बरं, अब्बांचं सोडा. लीलाधरनाना दुकानात गप्पांना येतात, कापूसवाले, त्यांना मी मुद्दाम एक दिली, म्हटलं वापरून सांगा. आठवड्याने आले, पेन्सिल जशीच्या तशी! म्हणाले, "हाई छिलानी चीज नही शे व माय, मिरवानी शे. बठ्ठा गावले दखाडी उनू." म्हणजे सोलायची नाही, मिरवायची, आणि सगळ्या गावाला दाखवूनही आले!

शाळेत तर विचारूच नका. विज्ञानाच्या सुनंदाबाईंनी सगळ्या पेन्सिली ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पाहुणे आले की श्रीफळाऐवजी पेन्सिल! पाहुणेही ती दोन्ही हातांनी धरून फोटो काढतात. अहो, पेन्सिल आहे ती, तलवार नाही!

आणि मग जळगावचं जिल्हा विज्ञान प्रदर्शन. हेडसरांनी सांगितलं होतं, तिथे पसंत पडल्या तर आपल्या पहिलीतल्या सगळ्या पोरांच्या हातात याच पेन्सिली देऊ. मला तर रात्रभर झोप नाही. परीक्षक आले, चष्मा वर केला, एकेक पेन्सिल उचलली, छान छान म्हणाले आणि विचारलं, "वापरून झिजलेली कुठे आहे?"

काय सांगू तुम्हाला... टेबलावर सगळ्या लांबच्या लांब, कोऱ्या करकरीत! मी सुनंदाबाईंकडे बघते, सुनंदाबाई कपाटाच्या किल्लीकडे बघतात, अब्बा बघ्यांच्या दोरीपलीकडून माझ्याकडे बघतात. परीक्षक म्हणाले, म्हणजे ही चालते की नाही, हे तुलाही माहीत नाही? आणि पुढच्या टेबलाकडे वळलेसुद्धा.

कुठून आला आवाज, देव जाणे. मी म्हटलं, "सर, थांबा. लिहायला केलीय ती." चार टेबलं वळून बघायला लागली! शार्पनर काढला. मागून अब्बांचं हळूच, "बेटा, नई..." मी डोळे मिटून फिरवला. कागद फाटला नाही हो! अक्षरांचं गोल गोल सालपट निघालं, एकदम अखंड, आणि खाली काळंभोर टोक. मी माझं नाव लिहिलं. परीक्षक सरांनी त्यांचं लिहिलं. मग त्यांना नादच लागला, टोक मोडायचं, पुन्हा करायचं, पुन्हा लिहायचं, पार बोटभर होईपर्यंत! आणि शेवटी सगळ्यांसमोर म्हणाले, पोरांच्या हातात द्या ही. सुनंदाबाईंनी तिथल्या तिथे डोळे पुसले. अब्बा मात्र दोरीखालून आत येऊन, वाकून टेबलाखाली काहीतरी शोधत होते. मला वाटलं, रडताहेत, दिसू नये म्हणून.

रडत कसले! रुमालात सालपटं गोळा करत होते. आता ती काचेच्या बाटलीत भरून शोकेसमध्ये आहेत, शेजारी तो बोटभर तुकडा, अत्तर लावून. पाहुणे आले की अब्बा बाटली हलवून दाखवतात.

काल मी म्हटलं, अब्बा, उद्या वहीत फुलाची आकृती काढायचीय, एक पेन्सिल द्या ना. ते कौतुकाने हसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि बाजारातून आणलेली नवी कोरी लाकडाची पेन्सिल माझ्या हातात ठेवली.