शंभरातले तीन

मिळेल, मिळेल — तुमच्याच गावचं बियाणं, मिळणार नाही कसं? पण बसा आधी, ताई. दोन दिवसांचा प्रवास करून आलात आणि उभ्या उभ्या जाणार? या बीजकोठारात माणूस येतो कुठे! कागद येतात, मी पाकिटं पाठवतो. आज तोंड उघडलंय ते तुमच्यासमोरच.

तुमचे वडील आठवतात मला — न आठवायला काय झालं? जवाची पिशवी इथे जपायला द्यायला आले होते. मी म्हटलं, अहो, निवडून तरी आणायचे. काळे दाणे, पिवळे दाणे, सगळी सरमिसळ! तर हसले. म्हणाले, 'निवडले तर उपाशी मरू. थंडी लांबली की लवकर फुलणारे जळतात, उशिराचे तगतात. पावसानं दडी मारली की उशिराचे वाळतात, लवकरचे हाती लागतात. दरवर्षी कुणीतरी जातं, कुणीतरी राहतं, म्हणून आम्ही आहोत.' नव्या बियाण्यानं तुम्हाला तीन वर्षं दगा दिला म्हणता — देणारच की! सगळे एकाच दिवशी फुलणार, एकाच थंडीत जाणार.

कसे आहेत ते? — गेले? कधी? — अरेरे. म्हणजे आता जाब विचारणारं कुणी... नाही, नाही, तसं नाही म्हणायचं मला.

काय असतं, थंड खोलीतसुद्धा बी कायमचं जगत नाही. दर दहा वर्षांनी पेरायचं, ताजं बी भरून ठेवायचं. तुमच्या जवाची पाळी आली तेव्हा आमची ही आजारी होती. म्हणजे — आजारी नव्हती. सोडून गेली होती. तुम्हाला कशाला सांगतोय मी हे! पुढच्या वर्षी पेरू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. वहीत मात्र 'पेरले, उगवण उत्तम' — कोण बघायला येतंय? एक दिवस राहवेना, शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवले. सात दिवसांत तीन कोंब. शंभरात तीन! पाकिटात उरलेले वीस-पंचवीस दाणेही भिजवले — एक उगवेल तर शपथ.

ते तीन घरी नेले, स्वयंपाकघराच्या खिडकीत लावले. बोलायचो त्यांच्याशी, हसू नका. एक पिवळं पडलं. एकाला कणीस आलं, पण पोचट. तिसऱ्यानं एकतीस दाणे दिले. ते दरवर्षी पेरत, वाढवत गेलो; ही पिशवी त्या एकतीस दाण्यांची. घ्या — पण काळा दाणा शोधू नका, नाहीये. एकाच रोपाची लेकरं सगळी. उंची एक, फुलायचा दिवस एक. तुमच्या वडिलांचे जव आहेत हे, आणि नाहीतही.

ही दोन पाकिटं शेजारच्या खोऱ्यातली. यातच मिसळून पेरा. कोण राहील, कोण जाईल, ते तुमचा डोंगरच ठरवेल — पंधरा-वीस वर्षं लागतील. मी नसेन तेव्हा.

थांबा, वही आणतो. हे बघा, 'उत्तम' खोडलं. लिहिलं — 'वेळेवर पेरले नाही.' खाली माझी सही. बास?

ओरडा ना हवं तर. तुमच्या वडिलांचा आवाज काय खणखणीत होता!

बरं. उठलात.

पिशवी जड आहे, खालून धरा. या आता. — या म्हटलं ना.